सीपीआर सुरू असताना नातेवाइकाला आत घ्यायचं का? कॅज्युअल्टीतल्या मंडळींसाठी, आणि दाराबाहेर थांबणाऱ्यांसाठीही

पेशंटची नाडी लागत नाही असं कळलं की कॅज्युअल्टीत एक जण हृदय पुन्हा सुरू करायला छाती दाबू लागतो, म्हणजे सीपीआर देतो, दुसरा हाताने श्वास द्यायची अंबू बॅग शोधतो आणि तिसरा ओरडतो, "नातेवाईक बाहेर थांबा!" पहिल्या दोघांना कुणीतरी शिकवलेलं असतं. तिसऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं, तो वर्षानुवर्षं हेच ऐकत आलेला असतो.

यातली विसंगती १०८ च्या रुग्णवाहिकेत नीट दिसते. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे. मागच्या भागात पेशंटजवळ घरचं एक माणूस बसतं. डॉक्टर छाती दाबत असतात, आणि हा मुलगा किंवा ही बायको सगळं बघत असते, सलाईनची बाटलीही धरून असते. रुग्णालयाच्या दारात गाडी थांबली की त्याच माणसाला आपण सांगतो, तुम्ही आत येऊ नका, तुम्हाला बघवणार नाही. अर्धा तास त्याने जे बघितलं, ते अचानक न बघवण्यासारखं कसं होतं?

माझं मत सरळ आहे. नातेवाइकाशेजारी उभं राहायला एक मोकळा माणूस असेल, तर आत यायचंय का असं त्याला विचारावं. तसा माणूस नसेल तर आत घेऊ नये. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक या एका माणसाबद्दलच आहे.

आधी पुरावा

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅक्सन शहरात फूट हॉस्पिटलमध्ये १९८२ साली दोन प्रसंग घडले. पेशंटबरोबर रुग्णवाहिकेतून आलेल्या एका नातेवाइकाने बाहेर जायला साफ नकार दिला. दुसऱ्या वेळी गोळी लागलेल्या पोलिसाच्या बायकोने, निदान काही मिनिटं तरी त्याच्याजवळ जाऊ द्या, अशी विनवणी केली. दोघांनाही आत घेतलं गेलं. त्यानंतर रुग्णालयाने अशा मृत्यूंनंतरच्या नातेवाइकांना विचारून पाहिलं, तर ७२ टक्के जण म्हणाले की आम्हाला आत थांबायला आवडलं असतं. तिथून तिथला नियम बदलला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनने या बाजूने ठराव केला आणि २००० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही ते आलं. क्रम बघा, सिस्टर आधी, डॉक्टर मागून. दाराजवळचं रडणं कुणाला जास्त ऐकू येतं हे त्यावरून कळतं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास २५ पेशंटनंतर थांबवावा लागला. नातेवाइकांना याचा फायदा होतो अशी तिथल्या स्टाफची खात्री पटली, आणि मग कुणाला मुद्दाम बाहेर ठेवणं त्यांना पटेना.

सगळ्यात भक्कम अभ्यास फ्रान्सचा, २०१३ सालचा. रुग्णवाहिका सेवेच्या १५ पथकांनी ५७० नातेवाइकांचा त्यात समावेश केला. काही पथकांनी प्रत्येक नातेवाइकाला जवळ थांबायचंय का असं पद्धतशीर विचारलं, काहींनी नेहमीप्रमाणे काम केलं. विचारलेल्या गटात ७९ टक्के जण थांबले, दुसऱ्या गटात ४३ टक्के. तीन महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना विचारलं नव्हतं त्यांच्यात आघाताच्या खुणा जास्त होत्या, म्हणजे तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणं, झोप उडणं, दचकणं. वर्षभरानेही फरक टिकून होता. पेशंट वाचण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पथकावरचा ताण वाढला नाही आणि कोर्टकचेरीही झाली नाही. अमेरिकेतल्या सुमारे २५० रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१५ साली जो अभ्यास आला, त्यातही नातेवाइकांना आत घेण्याचं धोरण असलेल्या ठिकाणी पेशंटचं काही नुकसान झालेलं दिसलं नाही.

आता पाय जमिनीवर ठेवू. फ्रान्समधले ते प्रसंग पेशंटच्या घरी घडले होते आणि नातेवाइकाशी बोलायचं कसं हे पथकाला शिकवलेलं होतं. आपल्या तालुक्याच्या कॅज्युअल्टीत एका पेशंटमागे दोन जीपभर माणसं येतात आणि रात्रपाळीला एक आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) असतो. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलली तर पहिल्याच आठवड्यात फसेल.

मात्र आपल्याकडे एक कारण जास्तीचं आहे, ते म्हणजे संशय. "आत काय केलं कुणास ठाऊक", "आधीच गेले होते, बिलासाठी ठेवलं" ही वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयाच्या आवारात ऐकायला मिळतात. बंद दारामागे चाळीस मिनिटं घाम गाळून डॉक्टर बाहेर येतो आणि "सॉरी" म्हणतो, तेव्हा बाहेरच्यांना फक्त तो "सॉरी" दिसलेला असतो. छाती दाबून हात थरथरणारा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ज्या मुलाने बघितला, तो सहसा बिलाचा संशय घेत नाही.

पायरी १: पेशंट यायच्या आधी ठरवा

हे ऐन वेळी ठरत नाही. मेडिकल ऑफिसर, इन्चार्ज सिस्टर, सिक्युरिटीचा मुख्य माणूस आणि ज्या मावशी-मामांची (आया-वॉर्डबॉयची) पाळी लागते ते, एवढ्यांनी दुपारच्या शांत वेळी अर्धा तास बसायचं आणि चार गोष्टी कागदावर लिहायच्या.

नातेवाइकाजवळ कोण उभं राहणार? त्याला मी इथे सोबती म्हणतो. सोबती छाती दाबणाऱ्यांत नसावा, औषध भरणाऱ्यांत नसावा. वैद्यकीय महाविद्यालयात समाजसेवा अधीक्षक असतात, दिवसपाळीला ते उत्तम. खाजगी रुग्णालयात रिसेप्शनवरची शांत स्वभावाची व्यक्ती चालते, पण तिला सीपीआर म्हणजे काय हे आधी दाखवलेलं हवं. माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगलं काम वयस्कर मावशी करतात. "सोबती वैद्यकीय ज्ञान असलेलाच हवा" असं पुस्तकं सांगतात. असला तर उत्तमच. पण घाबरलेल्या बाईचा हात धरून "हे औषध देतायत, हे नेहमीचं आहे" असं सांगायला वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या मावशीला पदवी लागत नाही. तिला दोन दुपारी बसवून शिकवा, आणि ड्यूटी चार्टवर तिच्या नावापुढे हे काम लिहा. लिहिलं नाही तर ऐन वेळी तिला कुणीतरी रक्ताची बाटली आणायला पाठवेल.

आत किती जण? एक. फार तर दोन. त्यावर नाही.

उभं कुठे राहणार? पेशंटच्या पायाशी, शॉक मशीन ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध कोपऱ्यात. जमिनीवर रंगीत टेपने चौकोन आखा आणि तिथे एक खुर्ची ठेवा. टेप हास्यास्पद वाटते, पण "मागे सरका, मागे सरका" हे ओरडणं तिने बंद होतं.

चौथी गोष्ट: नको म्हणायचा अधिकार कुणाचा? सीपीआरचं नेतृत्व करणाऱ्या डॉक्टरचा. तो "आत्ता नको" म्हणाला की त्यावर वाद नाही, कारण नंतर विचारायचं.

पायरी २: दारात कुणाला विचारायचं

इथे आपली कुटुंबव्यवस्था आडवी येते. दाराशी पुढे कोण येतं? दीर, मेहुणे, गावचे सरपंच, "मी यांचा खास माणूस" म्हणणारे कुणीतरी. ज्याचं माणूस आत पडलंय ती बायको मागे बाकावर असते, जाऊबाई तिला पाणी पाजत असते आणि पुरुषमंडळी परस्पर ठरवून टाकतात, "तिला सहन होणार नाही, मीच येतो."

सोबत्याने या गर्दीतून मागे जायचं. बाकाशी वाकून, शक्य तर उकिडवं बसून, तिलाच विचारायचं. नवऱ्याजवळ थांबायचं की नाही हे तिचं उत्तर आहे, दिराचं नाही. ती नको म्हणाली तर नको. पण बऱ्याचदा काही न बोलता ती उठून उभी राहते, आणि मग तिला अडवायला कुणी येत नाही.

पेशंट बाई असेल तर आणखी एक काळजी. सीपीआरमध्ये कपडे कापले जातात, छाती उघडी असते. अशा वेळी सासरे किंवा दीर आत येणं तिला शुद्धीत असताना चाललं असतं का, एवढाच विचार करा. नवरा, आई, बहीण, मुलगी यांना आधी विचारा. आणि कोणीही आत असो वा नसो, अंगावर चादर ओढून घेण्याची सवय ठेवा.

कुणाला आत घ्यायचं नाही: दारू प्यायलेला, आधीच आरडाओरडा किंवा हमरीतुमरीवर आलेला, मोबाइल वर धरून शूटिंग करणारा. मारामारीतली केस असेल आणि दोन्ही बाजूंची माणसं आवारात असतील तर कुणालाच नाही. घरातल्याच कुणी मारल्याचा किंवा जाळल्याचा संशय असेल तर सासरच्यांना अजिबात नाही, कितीही रडत असले तरी. यात भीड धरू नका.

शाळकरी मुलांचं काय? दहावी-बारावीतला मुलगा स्वतःहून म्हणतोय आणि घरचं मोठं माणूस बरोबर आहे, तर विचार करता येतो. त्याहून लहान मुलांना मी आत घेत नाही. मात्र उलट बाजूने, पेशंट लहान मूल असेल, तर आई-बापाला आत घेण्याबद्दल जगभर सगळ्यात कमी वाद आहे. प्रसूतिगृहात तर हा प्रश्न केव्हाच सुटलाय. बाळ रडलं नाही तर त्याच खोलीत, वॉर्मरवर, आईच्या डोळ्यांदेखत बॅग लावतो आपण. तिला कुणी बाहेर पाठवू शकत नाही.

पायरी ३: आत नेण्याआधीची तीस सेकंदं

हे वाक्य न वाक्य पाठ असलं पाहिजे. आमच्याकडे साधारण असं बोलतात:

"काकू, मी इथली सिस्टर. काकांचं हृदय बंद पडलंय. डॉक्टर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करतायत. तुम्हाला आत त्यांच्याजवळ थांबायचंय का? मी पूर्ण वेळ तुमच्या शेजारी असेन. छाती जोरात दाबतात, ते बघायला त्रास होतो. तोंडात नळी असेल, काका बोलणार नाहीत. मी सांगेन तिथेच उभं राहायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं, बाहेर जावंसं वाटलं, तर माझा हात दाबा, आपण लगेच बाहेर येऊ. आणि आत यायचं नसेल तरी काही बिघडत नाही, तुम्हाला इथे निरोप मिळत राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे "आत गेली नाही" याचा पुढे दहाव्या-तेराव्याला टोमणा होतो. नको म्हणणं तितकंच बरोबर आहे हे चार नातेवाइकांसमोर ऐकवून ठेवलं की तिची सुटका होते.

आत जाताना मोबाइल बाहेरच्या माणसाकडे द्यायला सांगा. तोही विनंती करून, हिसकावून नाही.

पायरी ४: आत काय दिसतं, ते सोबत्याने सांगत राहायचं

पडद्यावरच्या सीपीआरमध्ये पेशंट दोन मिनिटांत डोळे उघडतो. खऱ्या सीपीआरमध्ये मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबतात. पोट हलतं, हात कॉटवरून खाली लोंबतो. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, आणि तो आवाज ऐकू येतो. कधी उलटी वर येते, कधी लघवी होते. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतो, कारण त्यानंतर हातातला जोर जातो. नातेवाइकाला मात्र वाटतं, हा दमला म्हणून सोडून दिलं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हृदय बंद पडल्यावरचे आचके. तोंड उघडून एखादा खोल, घरघरता श्वास येतो आणि बायको ओरडते, "बघा, श्वास घेतायत!" सोबत्याने तिथल्या तिथे, हळू आवाजात सांगायचं की हा खरा श्वास नाही, मेंदूच्या तळाकडून येणारा आचका आहे, म्हणूनच बॅगेने श्वास देतायत. शॉक दिल्यावर अंग उडतं, तेही आधी सांगायचं: "आता सगळे हात काढतील, झटका देतील, अंग हलेल."

बोलणं धावत्या समालोचनासारखं नको. दर दीड-दोन मिनिटांनी एक वाक्य पुरे. "आता दाबणारे बदलतायत." "हे ॲड्रिनालिन, दर तीन ते पाच मिनिटांनी देतात." "मॉनिटर बघायला थांबलेत, दोन-चार सेकंदांत परत सुरू करतील." खोटी आशा लावणारं एकही वाक्य नको. "होईल बरं" तर अजिबात नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल असताना हृदय बंद पडलेल्यांपैकीही साधारण चारांतला एकच घरी जातो. बाहेर, घरात किंवा रस्त्यावर बंद पडलं तर शंभरात दहाच्या आसपास. आपल्याकडे उशिरा पोचणाऱ्यांचं चित्र याहून वाईट असतं.

सोबत्याची नजर पेशंटवर नको, नातेवाइकाच्या चेहऱ्यावर आणि गुडघ्यांवर हवी. ओठ पांढरे पडले, गुडघे वाकायला लागले की खुर्ची. पेशंटजवळ झेप घ्यायला बघितलं तर खांद्यावर हात ठेवून एकदा समजावायचं, दुसऱ्यांदा बाहेर न्यायचं.

हात लावायचा असेल तर पाय मोकळे असतात. तळव्यावर हात ठेवू द्या. शॉकच्या आधी मात्र तो हात सोबत्याने स्वतः काढून घ्यायचा, नुसतं सांगून भागत नाही.

तुळशीपत्र, गंगाजल, कलमा

यावर वेगळं लिहितो, कारण परदेशातल्या सूचनांत हे सापडणार नाही आणि आपल्याकडे ते हमखास समोर येतं. आतली आई कमरेच्या पिशवीतून छोटी बाटली काढते आणि मुलाच्या तोंडात दोन थेंब टाकू पाहते. सीपीआर सुरू असताना तोंडात काहीही जाता कामा नये, ते श्वासनलिकेत उतरतं. पण "ओ, हे काय करताय!" असं खेकसणं हा त्यावर उपाय नाही. "आई, आत्ता तोंडात नळी आहे. कपाळाला लावा. वेळ आली तर मी स्वतः तुम्हाला सांगेन, तेव्हा तोंडात घाला." एवढं बोललं की बहुतेक आया थांबतात, आणि मग दिलेला शब्द पाळायचा असतो. कुणाला कानाशी कलमा म्हणायचा असेल, कुणाला रामनाम किंवा प्रार्थना म्हणायची असेल, तर पायाशी उभं राहून हळू म्हणू द्या. काम करणाऱ्यांचे आकडे मोजणं त्यातूनही ऐकू येतं.

पायरी ५: टीमने काय सांभाळायचं

आत कुणी बघतंय म्हटल्यावर भाषा आपोआप सुधारते, हा एक फायदाच. तरी तीन वाक्यं कटाक्षाने टाळा. "इतका उशीर का केला आणायला?" हा प्रश्न त्या क्षणी कुठलंच औषध नाही. "आधीच्या डॉक्टरने काय करून ठेवलंय!" हेही नाही. आणि सीपीआर सुरू असताना नातेवाइकाला बाहेर ओढून "पेशंट सिरियस असल्याची सही" घेणं किंवा डिपॉझिटची पावती फाडायला पाठवणं, याची तर हद्द आहे. सही नंतर घ्या.

नवशिके इंटर्न घाबरतात, त्यांची भीती रास्त आहे. पहिले काही महिने, नातेवाईक आत असतील तेव्हा इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं, अनुभवी माणसानेच करावं. शिकवणी नंतर करता येते.

एक अवघड गोष्ट. आपल्याकडे कधी कधी निव्वळ नातेवाइकांच्या समाधानासाठी, अंग थंड पडलेल्या माणसावरही सीपीआर केलं जातं. नातेवाईक आत आले की हा मोह वाढेल अशी भीती मला वाटते. अंगात ताठरपणा आलाय, बुबुळं स्थिर आहेत, ईसीजी सरळ रेषेत आहे, तर दिखाव्याची छाती दाबू नका. त्यापेक्षा जवळ बोलवा, ईसीजीची पट्टी दाखवा आणि खरं सांगा.

पायरी ६: थांबवताना

थांबवण्याचा निर्णय टीमचा. नातेवाइकाला "थांबवू का?" असं कधीही विचारू नका. त्या प्रश्नाला "हो" म्हटलेला मुलगा आयुष्यभर स्वतःला बापाचा मारेकरी समजतो. थांबवण्याआधी प्रमुखाने मोठ्याने, मराठीत, दोन ओळींत सगळं सांगायचं: "तीस मिनिटं झाली. आठ वेळा ॲड्रिनालिन दिलं. हृदयाने एकदाही साथ दिली नाही. कुणाला अजून काही सुचतंय?" दोन सेकंद थांबायचं. मग हातमोजे काढून नातेवाइकाजवळ जायचं, नजरेला नजर द्यायची. "काकू, आम्ही सगळं केलं. काकांचा मृत्यू झालाय." इथे "एक्सपायर" नको, "नो मोर" नको, "सॉरी" एकटा नको.

आणि मग गप्प बसायचं. एक मिनिट. घड्याळात फार मोठं वाटतं.

मॉनिटरचा आवाज बंद करा. तोंड पुसा, डोळे मिटवा, चादर गळ्यापर्यंत घ्या, डोक्यावरून नको. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद होणारी केस असेल आणि शवविच्छेदन होणार असेल, तर नळ्या तशाच ठेवण्याची पद्धत आहे. का ते आधी सांगा, नाहीतर "नळी काढायलाही वेळ नव्हता यांना" असं ऐकावं लागतं. नसेल तर नळ्या काढा. आणि आता ती छोटी बाटली. तुम्ही शब्द दिला होता.

बाहेरच्यांना बातमी आतल्या माणसाने एकट्याने देऊ नये, डॉक्टरने त्याच्याबरोबर जावं. वीस जणांसमोर "आम्ही सगळं केलं" म्हणणारा डॉक्टर एकटा पडतो. शेजारी उभा राहून मुलगा जेव्हा म्हणतो, "मी होतो आत, केलं त्यांनी", तेव्हा आवारातली हवा बदलते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याचा फलक अनेक रुग्णालयांच्या भिंतीवर आहे. तरी त्या क्षणी फलकापेक्षा या मुलाचं वाक्य जास्त कामाला येतं.

नंतर टीमने दहा मिनिटं चहा घेत बोलावं. सोबत्यालाही बोलवा. त्याने जे झेललंय ते बाकीच्यांनी पाहिलेलंच नसतं.

सोबती नसेल तेव्हा

रात्रीचे तीन, आरएमओ आणि एक सिस्टर. अशा वेळी आत घेऊ नका, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण दार गच्च बंदही नको. सिक्युरिटीच्या माणसाकरवी दर पाच मिनिटांनी एकच वाक्य बाहेर पाठवा: "अजून प्रयत्न सुरू आहेत, हृदय सुरू झालेलं नाही." लक्षण बरं नाही असं दिसू लागलं की शेवटच्या काही मिनिटांसाठी एकाला दारापाशी उभं करा, जिथून कॉट दिसते. एवढ्यानेही बरंच साधतं.

तुम्ही दाराबाहेर असाल तर

हा भाग कॅज्युअल्टीत काम न करणाऱ्यांसाठी.

आत थांबायचं असेल तर मागा, पण शांतपणे. "डॉक्टर, आमच्यापैकी एक जण पायाशी उभा राहिला तर चालेल का? मध्ये येणार नाही." हे वाक्य ऐकून नाही म्हणणारे डॉक्टर असतील, पण पाच जणांनी दार ठोठावलं तर सगळेच नाही म्हणतात. आत कोण जाणार हे पटकन ठरवा आणि बाकीच्यांनी मागे सरका. नकार मिळाला तर दर पाच-दहा मिनिटांनी निरोप मागा. माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे.

तुम्हाला आत जायचं नसेल तर जाऊ नका. दुसरा कुणीतरी जाईल, किंवा कुणीच नाही.

घरात कुणी कोसळलं आणि श्वास नसेल, तर तुम्ही बघणारे नाही, करणारे आहात. १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबायला लागा. मोठ्या माणसाला तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसियॉलॉजिस्ट्सने २०१७ साली सामान्य माणसासाठी नुसतं छाती दाबण्याचीच पद्धत सांगितली आहे. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका.

घरात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातलं किंवा अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर सीपीआर करायचंच का, हे डॉक्टरांशी आजच बोला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तुमच्या डॉक्टरला त्याबद्दल थेट विचारा. आजोबा स्वतः बोलण्याच्या स्थितीत असतील तर आधी त्यांना विचारा.

आत थांबलेल्यांना नंतर काही दिवस तो आवाज, ती छाती आठवत राहते. ते साहजिक आहे. महिना उलटून गेला तरी झोप लागत नसेल, रुग्णालयासमोरून जाता येत नसेल, तर डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.